'लाइन' शब्दाची वऱ्हाडातील अर्थपरंपरा

मंगरूळ हे नाव धारण करणारी गावे विदर्भात एकाहून अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आहे, मंगरूळ चव्हाळा आहे. आणि पूर्वी अकोला जिल्ह्यात व १ जुलै १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात मोडणारे, हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे सर्वदूर माहीत असलेले मंगरूळपीर आहे. नाव एक आणि गावे अनेक, म्हणून प्रत्येकास एक उपपद जोडावे लागले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत ही समनामता होय. ह्या गावांचा परस्परांशी अर्थसंबंध कोणताच नाही. ह्याहून निराळी अवस्था अशी, की शब्द एकच, त्याचे अर्थ अनेक, आणि ते सर्व अर्थ एकमेकांपासून निघालेले. फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली आपल्या अर्थविचारावरील ग्रंथात ह्या दुसऱ्या अवस्थेला स्वतंत्र संज्ञा दिली. आपल्याकडे अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातील नानार्थवर्ग आणि हेमचंद्राचा अनेकार्थसंग्रह ह्यांनी त्या प्रश्नाची दखल शतकानुशतके आधी घेतली होती. प्रस्तुत लेखात मंगरूळपीर व त्याच्या आसपासच्या बोलण्यात अहोरात्र कानी पडणारा 'लाइन' हा इंग्रजी शब्द घेऊन, त्याला चिकटलेले अर्थ कोणत्या क्रमाने व कोणाच्या हातून आले, हे पाहावयाचे आहे.

इंग्रजीत लहानसहान शब्दांना अर्थांचा भार फार. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' ह्या क्रियापदाची नोंद सर्वांत दीर्घ होती. पुढे सुधारित आवृत्तीसाठी 'रन' ह्या क्रियापदाचे काम झाले तेव्हा त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेले. आता ह्याच 'रन'चे मराठीत काय झाले ते पाहावे. ६४५ पैकी आपल्याकडे ठळकपणे आला तो एक, क्रिकेटमधील धाव. आणि तोही नामाच्या रूपाने. 'सेट'ची गत थोडी बरी. कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट, नाटकाचा सेट इतके अर्थ त्याने मिळविले. (ह्या पत्रिकेच्या विद्यार्थी-वाचकांस मात्र 'सेट' म्हणताच प्रथम अधिव्याख्यातापदाची पात्रता परीक्षाच आठवेल, आणि तो शब्द नसून तीन आद्याक्षरे आहेत ह्याचा त्यांना विसर पडला असेल.) तात्पर्य, परभाषेतील शब्द उसना घेतला म्हणजे त्याचे अर्थभांडार आपोआप आपल्या घरी येते असे नाही. एकेक अर्थ एकेका व्यवहाराच्या पाठीवर बसून येतो. जो व्यवहार आपल्याकडे आलाच नाही त्याचा अर्थही येत नाही. उलटपक्षी, इंग्रजीत ज्यांना फारसे स्थान नाही असे काही अर्थ आपण स्वतः घडवितो. 'लाइन' ह्या दोन्ही गोष्टींचे चांगले उदाहरण आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन 'लिनुम्' म्हणजे जवस. जवसाच्या तागाचा दोरा तो 'लिनेआ', आणि दोरा ताणून आखली ती रेघ. एका वाटेने हा शब्द प्राचीन इंग्रजीत दोरखंडाच्या अर्थी गेला, दुसऱ्या वाटेने फ्रेंचमधून रेघेच्या अर्थी आला, आणि पुढे दोन्ही प्रवाह मिसळले. वऱ्हाडातला शेतकरी जवस पेरतो तो तेलासाठी. त्याच्या तागाचे त्याला अगत्य नाही. परंतु दोऱ्यापासून रेघ, रेघेपासून नियम ही अर्थाची वाट आपल्यालाही अपरिचित नाही. आपल्याकडे ते काम 'सूत्र' शब्दाने केले. सूत धरून लाकूड कापणारा तो सुतार. नियमाचे संक्षिप्त वचन ते सूत्र. मनुष्य सुतासारखा सरळ येतो. दोघांचे सूत जमते. तरुण मंडळींच्या तोंडी 'लाइन'चे जे प्रेमविषयक प्रयोग आहेत, त्यांच्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी हे 'सूत जमणे' एकदा ध्यानी घ्यावे. असो.

मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. मे १८५३ च्या तहाने ते कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले. आणि त्याच्या महिनाभर आधी, १६ एप्रिलला, बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली होती. वऱ्हाडावर इंग्रजी अंमल व मराठी मुलखात लोहमार्ग ह्या दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या, ही गोष्ट आपल्या शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. इंग्रजी शब्द येथे आले ते प्रथम कारभाराचे.

त्यांतला पहिला थर वस्तीचा. लष्कराच्या छावणीत शिपायांच्या खोल्या ओळीने बांधलेल्या असत, त्यांना 'लाइन्स' म्हणत. शिपायांवरून तो शब्द पोलिसांवर गेला आणि 'पोलीस लाइन' झाली. मुलकी अधिकाऱ्यांचे बंगले गावापासून दूर, रस्त्याच्या कडेने उभे राहिले, ती 'सिव्हिल लाइन'. नागपूर व अकोला येथे हे नाव आजही रूढ आहे. पुण्याच्या मनुष्याला 'कँप' ठाऊक असतो, 'सिव्हिल लाइन' नाही. कारण हा प्रयोग उत्तर हिंदुस्थान व मध्य प्रांताच्या कारभारी इंग्रजीचा आहे, मुंबई इलाख्याचा नव्हे. मराठीच्या पोटात इलाख्यांच्या जुन्या सीमा अशा शाबूत राहिल्या आहेत. मंगरूळ तालुका त्या वेळी वाशीम, पुसद ह्यांच्यासह वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि वाशीम व मंगरूळ अकोल्यास जोडले गेले. १९०३ पासून वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताबरोबर होऊ लागला, त्यामुळे नागपूरची कचेरीची भाषा ह्या भागात उतरण्यास वाट अधिकच मोकळी झाली.

ह्या थरात 'लाइन'चा अर्थ ओळ एवढाच आहे. लोहमार्गाने त्यात मोठा पालट केला. भुसावळहून निघालेला फाटा अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत १८६७ साली नागपुरास पोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत जलंब-खामगाव हा कापसासाठी काढलेला फाटा सुरू झाला. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूर्तिजापूर ते यवतमाळ व मूर्तिजापूर ते अचलपूर हे अरुंद रुळांचे मार्ग एका खासगी कंपनीने बांधले. लोकांनी त्या गाडीस 'शकुंतला' म्हटले. यवतमाळकडे जाणारी शकुंतला कारंजावरून जात असे. मंगरूळपीर मात्र ह्या सर्व खटाटोपात बाजूलाच राहिले; तेथे रेल्वे आली नाही. वाशीमलाही गाडी आली ती अकोला-पूर्णा मार्गामुळे, १९६० च्या आसपास. आता शकुंतलाही बंद पडली आहे. तरीसुद्धा रेल्वेने 'लाइन'ला दिलेला अर्थ मंगरूळपीरच्या बोलण्यात पक्का आहे. तो अर्थ ओळीचा नव्हे, मार्गाचा. रूळ दोन असतात, ते ओळीने असतात म्हणून त्यांना कोणी 'लाइन' म्हणत नाही. त्यावरून गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते म्हणून म्हणतात. हा अर्थ इतका स्थिर झाला, की पुढे रुळांचीही गरज उरली नाही. मोटारगाडी 'कारंजा लाइनला' चालू लागली, काळी-पिवळी जीप 'मानोरा लाइनवर' धावू लागली.

मार्ग म्हटला की आयुष्याचा मार्गही आलाच. 'पोरगा लाइनीला लागला' ह्याचा अर्थ तो रांगेत उभा राहिला असा कोणी घेणार नाही. तो मार्गी लागला, पोटापाण्यास लागला. 'तो कोणत्या लाइनीत आहे?' ह्या प्रश्नाचे उत्तर 'कापसाच्या', 'शिक्षणाच्या', 'दवाखान्याच्या' असे येते. इंग्रजीत धंद्याच्या अर्थी 'लाइन' आहे हे खरे. परंतु 'लाइनीला लागणे', 'लाइनवर येणे', 'लाइन सोडणे' ह्या प्रयोगांचा सांगाडा 'मार्गी लागणे', 'वाटेवर येणे', 'वाट सोडणे' ह्या मराठी प्रयोगांचा आहे. कातडे इंग्रजी, हाडे मराठी.

रांगेच्या अर्थाबद्दल एक समजूत सहज होण्याजोगी आहे, की इंग्रजीत माणसांच्या रांगेस 'लाइन' म्हणतात म्हणून आपणही म्हणतो. तथापि ज्या इंग्रजीने आपल्यावर राज्य केले तिच्यात वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांच्या रांगेस 'क्यू' म्हणतात. त्या अर्थी 'लाइन' हा अमेरिकेचा प्रयोग. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि दुकानापुढे, बसथांब्यावर 'क्यू लावणे' हे मुंबईच्या मराठीत रुळलेही. तो शब्द आज जवळजवळ मावळला आहे. वऱ्हाडात तर त्याने कधी मूळ धरले असे वाटत नाही. येथे 'लाइन'च लागली. १९४३ साली वऱ्हाडातील खेड्यांवर अमेरिकन बोलीचा प्रभाव पडला असे म्हणणे हास्यास्पद होईल. अधिक संभवनीय हे, की पोलीस व लष्करी कवायतीतून आणि शाळेच्या कवायतीतून 'लाइनीत उभे राहणे' आधीच रूढ होते, आणि शिध्याच्या दुकानासमोर तोच शब्द कामी आला. सारांश, हा अर्थ इंग्रजीकडून घेतलेला नाही. इंग्रजी शब्दाच्या आधारे मराठीने तो स्वतः घडविला. सप्टेंबर १९३९ ते नोव्हेंबर २०१६ ह्या काळात, महायुद्धापासून नोटाबंदीपर्यंत, त्याला काम कमी पडले नाही.

ह्याहून लक्षणीय अर्थ विजेचा. 'लाइन गेली', 'लाइन आली', 'आज लाइन नाही'; वाडीवस्तीवरचा म्हातारा विचारतो, 'लाइन कवा येईन?' पुणे-सातारकडे ह्याच प्रसंगी 'लाइट गेली' म्हणतात, व 'लाइट' हा शब्द 'वीज'च्या लिंगावरून स्त्रीलिंगी करून घेतात. दोन्हीकडे इंग्रजी शब्द, पण वेगळे. आणि ही भिन्नता अजून बोलींच्या नकाशावर कोणी काळजीपूर्वक मांडलेली पाहण्यात नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि खेडोपाडी वीज नेण्याचे मोठे काम त्यानंतरचे. म्हणून खेड्यांतील हा अर्थ त्यापलीकडे फारसा जुना असू शकत नाही. तारा ओढणारा व दुरुस्त करणारा तो लाइनमन, हा शब्द त्याच्याबरोबरच आला. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले, त्या कंपनीने ह्या माणसास 'जनमित्र' असे नाव दिले. लोक त्याला लाइनमनच म्हणतात.

आता प्रश्न असा, की तार तर खांबावर जागच्या जागी असते. मग जाते काय आणि येते काय? येथे तारेने तारेतील प्रवाहाचा बोध होतो. आपल्या आलंकारिकांनी ह्यास लक्षणा म्हटले. मुख्य अर्थ जुळत नाही, त्याच्याशी संबद्ध असा दुसरा अर्थ घ्यावा लागतो, आणि तसे करण्यास रूढी किंवा प्रयोजन असावे लागते. मचाणे ओरडतात असे म्हटले तर मचाणावरचे राखणदार ओरडतात असे समजावयाचे, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. राखणीचे मचाण ज्याने पाहिले आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. 'लाइन गेली' ही त्याच जातीची रूढ लक्षणा होय. तिचा सांगाडाही मराठीत पूर्वीपासून तयार होता. 'नळ आले', 'आज नळ नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा नळ कोणी उपटून नेलेला नसतो. ज्या वाटेने वस्तू येते त्या वाटेचेच नाव वस्तूला देण्याची ही खोड मराठीची आहे. इंग्रजीत वीज गेल्यावर 'लाइन गेली' असे म्हणण्याची चाल नाही.

शासकीय मराठीने येथे दुसरी वाट धरली. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, परिभाषा सिद्ध होत गेली. विद्युत-लाइनीस 'वाहिनी', ट्रान्सफॉर्मरला 'रोहित्र', लोडशेडिंगला 'भारनियमन' हे शब्द तयार झाले. राज्यव्यवहारकोशाची परंपरा ज्या भाषेला आहे तिने असे शब्द घडवावेत ह्यात वावगे काही नाही, आणि 'भारनियमन' तर वृत्तपत्रांच्या द्वारा पुष्कळ पसरला. परंतु शेतकऱ्याच्या लेखी रोहित्र म्हणजे 'डीपी' आणि वाहिनी म्हणजे 'लाइन'. शेतीपंपांना पाळीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज मिळते. त्याची भाषा 'दिवसाची लाइन', 'रातची लाइन' अशी आहे, आणि रातची लाइन म्हणजे हरभऱ्याला पाणी देण्यासाठी थंडीत मध्यरात्री, सापविंचवांच्या भयात, बांधावर जाणे. २०१७ मध्ये शासनाने दिवसा वीज देण्याच्या हेतूने 'सौर कृषी वाहिनी' योजना काढली. तिच्या नावातली वाहिनी ही आपल्याच शेतातली लाइन, हे पुष्कळांस उलगडून सांगावे लागते. 'वाहिनी' म्हटले की त्यांना दूरदर्शनसंचावरची वाहिनी आठवते. शुद्ध शब्दही अनेकार्थी होतोच. भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी परकीय शब्दांचा विचार पुष्कळ केला, स्वकीय शब्दाला दोन अर्थ देताना मात्र सावधगिरी बाळगली नाही, एवढे म्हणणे प्राप्त आहे.

इतके अर्थ एकत्र नांदत असता घोटाळा होत नाही काय? क्वचितच होतो. 'सैंधव आण' असे जेवताना म्हटले तर मीठ, प्रवासास निघताना म्हटले तर घोडा, हे शास्त्रकारांचे जुनेच उदाहरण. आणि प्रकरण, साहचर्य, संयोग इत्यादी अर्थनिश्चयाची साधने भर्तृहरीने सांगून ठेवली आहेत. तहसिलीच्या गावातील सेवा केंद्रावर 'लाइन नाही म्हणून ऑनलाइन होत नाही, म्हणून लाइन लागली' असे वाक्य कल्पावे. तीन ठिकाणी तीन अर्थ आहेत, आणि अडाण्यातला अडाणी मनुष्यही ते चुकवीत नाही. ह्यांत 'ऑनलाइन'मधली लाइन कोणास जाणवतही नाही. तो अखंड शब्द झाला आहे.

व्याकरणाकडेही एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे. 'लाइन' स्त्रीलिंगी झाली, ती बहुधा ओळ, रेघ, रांग, वाट ह्या सर्व स्त्रीलिंगी असल्यामुळे. अनेकवचन 'लाइनी', ते 'ओळी'च्या वळणावर. सामान्यरूपात मात्र दुफळी आहे. 'लाइनीत', 'लाइनीला' ही विकारी रूपे आणि 'लाइनमध्ये', 'लाइनवर' ही अविकारी रूपे दोन्ही ऐकू येतात. जुन्या पिढीचा कल पहिलीकडे, शाळेत शिकलेल्या पिढीचा दुसरीकडे दिसतो. वृद्धांच्या तोंडी 'लैन' असा उच्चारही आढळतो. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने अर्थ व रूप ह्यांचा परस्परसंबंध तपासून पाहिल्यास प्रबंधिकेपुरते साहित्य खचित मिळेल. कोशात मात्र 'लाइन (इं.) ओळ, रांग' एवढ्यावर भागविण्याची वृत्ती सोडली पाहिजे. परका शब्द म्हणून त्याचे अर्थही परकेच असणार, असे गृहीत धरल्यामुळे मराठीने घडविलेले अर्थ नोंदीबाहेर राहतात.

शेवटी ज्या अर्थाचा उल्लेख करावयाचा तो वरील सर्वांहून भिन्न आहे, कारण तेथे 'लाइन' शब्द उच्चारला जात नाही. १९६२ साली नियोजन मंडळाच्या एका अभ्यासगटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार माणशी दरमहा २० रुपये ही किमान खर्चाची मर्यादा धरली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी त्याच किमतींनुसार ग्रामीण भागासाठी १५ रुपये व शहरी भागासाठी साडेबावीस रुपये अशी मर्यादा मांडून देशातील दारिद्र्याचे मापन केले. ह्या मर्यादेला इंग्रजीत 'लाइन', मराठीत 'रेषा'. दारिद्र्यरेषा, नियंत्रणरेषा, पूररेषा ह्या सर्वांत रेषाच आली, लाइन नाही. कारण उघड आहे: हे अर्थ ग्रंथांतून व कचेरीतून, अनुवादाच्या वाटेने आले. कानावाटे आला तो अर्थ 'लाइन'ने घेतला, कागदावाटे आला तो 'रेषा'ने.

आणि तरीही गावात 'दारिद्र्यरेषा' कोणी म्हणत नाही. म्हणतात ते 'बीपीएल'. १ मे १९९९ पासून राज्यात पिवळी, केशरी व शुभ्र अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. पिवळी ती बीपीएलची. 'त्याचं बीपीएल आहे' असे म्हणणाऱ्याला शेवटच्या 'एल'मध्ये ज्या लाइनीत तो दुकानापुढे उभा आहे तोच शब्द दडलेला आहे ह्याची वार्ताही नसते. ओळ आणि मर्यादा हे दोन अर्थ येथे एकाच दारात, एकमेकांस अनोळखी, उभे राहतात. अन्नसुरक्षा कायद्यानंतर, २०१४ पासून, धान्याच्या वाटपासाठी अंत्योदय व प्राधान्य कुटुंब असे वर्ग ठरले. बीपीएल ही अक्षरे मात्र बोलण्यात टिकून आहेत. त्यांच्या उलट 'एपीएल', म्हणजे रेषेच्या वरचा. २०१५ मध्ये शासनाने अमरावती व तत्कालीन औरंगाबाद विभागांतील सर्व जिल्हे आणि वर्धा मिळून १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना सवलतीचे धान्य देण्याचा निर्णय केला. २०२३ मध्ये धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचे ठरले. ह्या वर्गाचे कागदोपत्री नाव 'एपीएल शेतकरी'. अक्षरार्थाने पाहता हा रेषेच्या वरचा शेतकरी. व्यवहारात ज्याच्या घरी धान्य पोचविल्यावाचून गत्यंतर नाही असे सरकारने मानले तो शेतकरी. त्या १४ जिल्ह्यांत वाशीम आहे, आणि मंगरूळपीरच्या बाजारात 'एपीएलवाला' म्हणतात तो सुस्थितीतल्या माणसास उद्देशून नव्हे.